मातोआका उर्फ रिबेका

इ. स. १६१७ च्या फेब्रुवारी महिन्यात लंडनमधील जॉन चेंबरलेन नावाच्या गृहस्थाने, परदेशी वकिलातीवर असलेल्या आपल्या मित्रास, सर डडली कार्लटन यास, नेहमीप्रमाणे शहरच्या गप्पागोष्टींचे पत्र लिहिले आणि त्यासोबत एक लहानसे छापील चित्र पाठविले. चित्र ठीक आहे, पण बाई काही देखणी नाही. तिचा थाट आणि तिची बिरुदे पाहून ती व तिचा नवरा कोणी बडी माणसे असावीत असे वाटेल, परंतु खरा प्रकार असा की, बिचारी व्हर्जिनिया कंपनी आपल्या दारिद्र्यातून तिला आठवड्याला ४ पौंड देते व त्यावर तिचे चालते, असा त्याच्या शेऱ्याचा मथितार्थ होता. चेंबरलेन हा काही कलेचा मर्मज्ञ नव्हे. तथापि आज जगभर पसरलेल्या त्या चित्रावरील अगदी पहिल्या टीकांपैकी ही एक आहे, आणि तिला तीनशे नव्हे, चारशे वर्षे लोटली तरी तिचा समाचार घेणे अवश्य आहे असे आम्हांस वाटते. कारण त्याने जे तीन दोष म्हणून सांगितले, त्यांतच या चित्राचे सारे मर्म दडलेले आहे.

हे चित्र म्हणजे उत्तर अमेरिकेतील पोव्हाटन राजाच्या मुलीचे, पोकाहॉन्टसचे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले मुखचित्र. कोरणारा सायमन फान दे पासे हा मूळचा कोलोनचा. त्याचा बाप क्रिस्पिन हाही नामांकित कोरक्या होता. धर्ममताच्या कारणावरून त्या कुटुंबाला कोलोन सोडून उट्रेख्ट गाठावे लागले, आणि तेथून हा मुलगा पोटापाण्यासाठी लंडनला आला. १६१६ साली त्याचे वय सुमारे एकवीस. चित्रातल्या मुलीचे वयही चौकटीत एकवीसच कोरलेले आहे. परमुलखात आलेली दोन समवयस्क माणसे समोरासमोर बसली, त्यांतल्या एकाच्या हाती कोरणी होती, आणि दुसरीला तिच्या घरापासून हजारो कोस दूर, तिला गळ्यापर्यंत बांधून टाकणाऱ्या पोषाखात बसविलेले होते, एवढे तरी हे चित्र पाहताना ध्यानात ठेवावे. तिच्या हयातीत, तिला प्रत्यक्ष पाहून काढलेले म्हणून जे मानले जाते, असे हे एकच चित्र आहे.

तांब्यावर कोरणे ही गोष्ट आपल्याकडे अपरिचित नाही. शिलाहार राजांचे ताम्रपट करवीरच्या इतिहासाचे आधारच होत. परंतु ताम्रपटाचे कोरीव अक्षर जपून ठेवण्यासाठी असते, आणि ताम्रमुद्रणाचे वाटून टाकण्यासाठी. पहिल्यात पत्रा हाच ऐवज. दुसऱ्यात पत्रा हे केवळ साधन. कोरलेल्या रेघांत शाई भरावयाची, वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करावयाचा आणि ओला कागद त्यावर दाबून रेघांतली शाई उचलून घ्यावयाची. चित्र उलटे उमटते, म्हणून अक्षरेही उलटी कोरावी लागतात. आमच्या शेजारच्या मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली भगवद्गीता अशाच तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली, आणि ते काम मूर्ती व भांडी घडविणाऱ्या पुणेरी तांबटाच्या हातचे होते. या कामात खोडरबर नाही. कोरणी जेथे गेली तेथे ती गेली. म्हणून जी रेघ दिसते ती कोरक्याने जाणूनबुजून ओढलेली असते असे धरून चालावे.

आता चित्र पाहू. लंबवर्तुळाकार चौकट, तिच्या कडेने लॅटिन अक्षरे, खाली इंग्रजी मजकुराच्या ओळी. आत कमरेपर्यंत दिसणारी तरुण स्त्री. डोक्यावर उंच काठाची पुरुषी धाटणीची हॅट, गळ्यामागे पंख्यासारखी उभी राहिलेली ताठ जाळीची कॉलर, अंगात भरजरी वेलबुट्टीचा जाड झगा, कानात लोंबते मोती, आणि उजव्या हातात शहामृगाच्या तीन पिसांचा पंखा. हे सारे इंग्लंडातील श्रीमंत स्त्रियांचे त्या वर्षांतले लेणे होय. कोरक्याने त्यावर आपली सगळी विद्या खर्च केली आहे. कॉलरच्या जाळीचा एकेक छेद मोजून घ्यावा इतका स्पष्ट आहे. झग्यावरची बुट्टी तर एखाद्या पैठणीच्या पदरासारखी भरगच्च. चेंबरलेनचा थाटमाटाचा आक्षेप खराच आहे. परंतु तो आक्षेप त्याने बाईवर घेतला, आणि घ्यावयास हवा होता तो पोषाख पुरविणाऱ्यावर.

या सगळ्या जाळीजरीच्या मधोमध चेहरा आहे, आणि तेथे आल्यावर कोरणीची चाल बदलते. गालफडांची उंच हाडे, खाली उतरत गेलेला गाल, रुंद जिवणी, घट्ट मिटलेले ओठ, आणि किंचित जड पापण्यांखालून सरळ पाहणाऱ्याकडे रोखलेली नजर. त्या काळच्या कोरीव मुखचित्रांत स्त्रियांचे चेहरे बहुधा एकाच साच्यातून काढलेले असत: अंड्यासारखे गुळगुळीत, चिमुकल्या ओठांचे, कागदाच्या पांढऱ्यावर सोडून दिलेले. सायमनने हा साचा येथे बाजूस ठेवला. गालावर, डोळ्यांखाली, हनुवटीच्या बाजूस त्याने ठिपके आणि बारीक रेघा दाट घातल्या. त्यामुळे चेहऱ्याला वजन आले, आणि त्याबरोबर वयही आले. एकवीस वर्षांची ही मुलगी तीस-पस्तिशीची वाटते, अशी तक्रार आम्ही ऐकली आहे. तिने एका वर्षाची कैद, धर्मांतर, लग्न, बाळंतपण आणि समुद्र हे सर्व तीन-चार वर्षांत पाहिले होते, हे तक्रारदारांनी विचारात घेतलेले दिसत नाही. ती देखणी नाही, असे चेंबरलेन म्हणतो. आमच्या मते कोरक्याने तिला देखणी केली नाही, हीच या चित्राची सर्वांत मोठी थोरवी.

ज्यांना तिची हकीकत केवळ १९९५ सालच्या अमेरिकन चित्रपटातून ठाऊक आहे, त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. १६०७ साली इंग्रजांनी व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर जेम्सटाउन वसविले तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची पोर होती. कॅप्टन जॉन स्मिथचे डोके दगडावर ठेवून सोटे उगारले असता तिने आपले अंग मध्ये घातले, ही जगप्रसिद्ध कथा स्मिथने १६०८ सालच्या आपल्या वृत्तान्तात सांगितलीच नव्हती. ती विस्ताराने छापली गेली ती १६२४ साली, ती मरून सात वर्षे झाल्यावर. प्रेमकथेला तर काहीच आधार नाही. खरे घडले ते असे: १६१३ साली कॅप्टन अर्गॉलने तिला फसवून गलबतावर चढविले आणि तिच्या बापाशी सौदा करण्यासाठी ओलीस ठेवले. कैदेत तिला ख्रिस्ती धर्माचे शिक्षण मिळाले, रिबेका हे नाव मिळाले, आणि १६१४ च्या एप्रिलात जॉन रॉल्फ नावाच्या तंबाखूच्या मळेवाल्याशी तिचे लग्न झाले. हे लग्न आपण देहाच्या ओढीने नव्हे, तर वसाहतीच्या हितासाठी, देशाच्या अब्रूसाठी व ईश्वराच्या गौरवासाठी करीत आहोत, असे रॉल्फने गव्हर्नराला लांबलचक पत्र लिहून कळविले. बायको करण्यासाठी इतकी कारणे देणारा नवरदेव विरळाच!

१६१६ च्या उन्हाळ्यात नवरा-बायको आणि त्यांचा लहानगा मुलगा टॉमस इंग्लंडला आली. बरोबर तिच्या जातीची दहा-बारा माणसे होती. त्यांत उत्तमातोमाकिन नावाचा एक पुरोहित होता, त्यास राजाने इंग्लंडातील माणसे मोजून येण्यास सांगितले होते. त्याने किनाऱ्यावर उतरताच काठीवर एकेका माणसाची खाच पाडावयास सुरुवात केली आणि थोड्याच वेळात हात टेकले. कंपनीला मात्र मोजमाप नीट जमत होते. वसाहतीवर पैसा बुडत होता, भागीदार कुरकुरत होते, भांडवल उभे करण्यासाठी सोडती काढाव्या लागत होत्या. अशा वेळी सुसंस्कृत झालेली, बाप्तिस्मा घेतलेली, इंग्रजाची बायको झालेली राजकन्या लोकांपुढे उभी करता येणे यासारखी जाहिरात नव्हती. तिला बिशपांच्या मेजवान्यांना नेले, १६१७ च्या जानेवारीत दरबारच्या नाट्यप्रयोगास बसविले, आणि तिचे हे चित्र छापून विकावयास ठेवले. चेंबरलेनचा ४ पौंडांचा हिशेब बरोबर आहे. पण जमेची बाजू त्याने लिहिली नाही.

या व्यवहाराचे सगळे कागदपत्र म्हणजे चित्राची चौकट. वर्तुळाच्या कडेने लॅटिनमध्ये लिहिले आहे की, ही मातोआका उर्फ रिबेका, व्हर्जिनियाचा सम्राट जो महाप्रतापी पोव्हाटन, त्याची कन्या. खालच्या इंग्रजी मजकुरात त्याच माहितीत भर घातली आहे: ती ख्रिस्ती धर्मात आलेली आहे व सन्माननीय रॉल्फ यांची पत्नी आहे. बापाला सम्राट ठरविण्यात कंपनीचा स्वार्थ उघड आहे. ज्याचे राज्य मोठे त्याची मुलगी मोठी, आणि मुलगी जर आपली झाली तर ते राज्यही आपलेच की! परंतु त्याच मजकुरात दोन शब्द असे शिरले आहेत की, त्यांनी कंपनीचा डाव थोडा उलटविला. एक म्हणजे ‘मातोआका’. पोकाहॉन्टस हे तिचे खरे नाव नव्हे. ते खोडकर, खेळकर अशा अर्थाचे लाडके हाकेचे नाव. तिचे मातोआका हे नाव तिच्या लोकांनी इंग्रजांपासून पुष्कळ काळ लपवून ठेवले होते, कारण खरे नाव परक्यास कळले तर तो त्या नावावरून अपाय करील अशी त्यांची समजूत होती, असे त्या काळच्या इंग्रज लेखकांनीच नमूद केले आहे. आपल्याकडे राशीवरून ठेवलेले जन्मनाव चारचौघांत न उच्चारण्याची जी चाल जुन्या घरांतून होती, तिच्यामागे हीच भीती असे. आजीने ते नाव नातीच्या कानात सांगावे, शेजारणीला सांगू नये. हे जपून ठेवलेले नाव चित्रावर आले ते तिने स्वतः सांगितल्यावाचून कसे येणार? दुसरा शब्द तिच्या देशाच्या नावाचा. खालच्या ओळीत व्हर्जिनियाच्या आधी तिच्या लोकांच्या तोंडचे देशनाम, इंग्रजी कानाने ऐकून मोडकेतोडके का होईना, कोरलेले आहे, आणि पुढे पुन्हा ‘उर्फ’ घालून व्हर्जिनिया.

हे दोन ‘उर्फ’ आम्हांस फार बोलके वाटतात. खतपत्र करताना कारकून जसा दोन्ही नावे लिहून पुढचा तंटा टाळतो, तसे येथे दोन देश आणि दोन जन्म एका अव्ययाने जोडले आहेत. पण ज्याला वाचावयाचे आहे त्याला पहिले नाव कोणते आणि दुसरे कोणते हे स्पष्ट दिसते. म्हणून या चित्राच्या आजच्या छापणाऱ्यांविरुद्ध आमची मोठी फिर्याद आहे. पुस्तकांतून, भिंतीवरच्या तक्त्यांतून, मुलांच्या वाचनमालांतून हे चित्र येते तेव्हा बहुधा चौकट कापलेली असते आणि खालच्या ओळी गाळलेल्या असतात. राहते ती फक्त हॅट घातलेली एक बाई, आणि तिच्याखाली छापलेले ‘पोकाहॉन्टस’. चेहरा ठेवून नाव कापणे म्हणजे सही फाडून खत जपणे होय.

पुढच्या चित्रकारांनी तर चेहराही ठेवला नाही. या ताम्रचित्रावरूनच कोणा अज्ञात चित्रकाराने रंगविलेले एक तैलचित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. पोषाख तोच, पंखा तोच. पण कातडी उजळली, गालाची हाडे बसली, डोळे निवळले. १८४० साली जॉन चॅपमनने अमेरिकेच्या संसदभवनासाठी तिच्या बाप्तिस्म्याचे प्रचंड चित्र काढले. त्यात ती पांढऱ्याशुभ्र वस्त्रात गुडघे टेकून खाली मान घालून बसली आहे. मान खाली गेली की नजर गेली, आणि नजर गेली की सायमनच्या चित्रातली व्यक्तीच गेली. ब्रेंटफर्डला स्मिथ तिच्या भेटीस गेला तेव्हा ती तोंड फिरवून बराच वेळ बोललीच नाही, आणि बोलू लागल्यावर तुमचे लोक फार खोटे बोलतात असे तिने त्याला तोंडावर सुनावले, ही गोष्ट खुद्द स्मिथनेच लिहून ठेविली आहे. चॅपमनच्या मुलीला हे सुनावता आले असते काय, याचा विचार वाचकांनी करावा. सायमनच्या मुलीविषयी तशी शंका येत नाही.

हाच काळ आपल्या देशात कोणता होता? करवीर आणि पन्हाळा तेव्हा विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाच्या अमलाखाली होते, आणि त्या कलासक्त सुलतानाच्या पदरी हार्लेमचा हेडा नावाचा एक डच चित्रकार नोकरीस होता. १६१६ च्या सुमारास मलिक अंबर निजामशाही तगविण्यासाठी मोगलांशी झुंजत होता. रॉल्फ ज्या तंबाखूवर श्रीमंत होऊ पाहत होता, ती विजापुरास त्यापूर्वीच येऊन पोचली होती. असदबेगने ती १६०४ च्या सुमारास तेथून अकबराच्या दरबारी नेली, आणि मातोआका वारली त्या १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. बंदीचे काय झाले हे निपाणीच्या वाटेवर ज्याने शेते पाहिली आहेत त्यास सांगावयास नको. त्याच वर्षी सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या, भोसल्यांची सून, जिजाबाई, अठरा-एकोणीस वर्षांची होती. तिनेही बाप एका बाजूस आणि सासर दुसऱ्या बाजूस अशी ओढाताण सोसली.

जिजाबाईंचे त्या वयातले चित्र आपणापाशी नाही. आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहणारी माणसे. तालमींच्या आणि चित्रकारांच्या या गावात घरोघर जिजामातेची तसबीर असतेच, आणि ती असावीही. पण त्या तसबिरींतला चेहरा कोणाचा असतो? नाक चाफेकळी, वर्ण केतकी, डोळ्यांत पाणी किंवा करुणा, आणि पाहणाऱ्याकडे तर ती कधीच पाहत नाही. आकाशाकडे पाहते किंवा बाळशिवाजीकडे. थोर स्त्री ही सुंदर असलीच पाहिजे आणि तिने आपल्याकडे पाहता कामा नये, असा आमच्या चित्रकारांचा जणू दंडक आहे. चॅपमनला हसण्यापूर्वी आपली भिंत पाहावी. रविवर्म्याच्या छापखान्यापासून चालत आलेली ही गोडी आम्ही टाकून द्या म्हणत नाही. परंतु तिच्यामुळे एखाद्या कोरक्याला सायमनसारखे खरे हाड दाखविण्याचे धैर्य झालेच, तर त्याचे चित्र विकत घेणारे गिऱ्हाईक आमच्या पेठेत किती निघेल, याविषयी आम्ही साशंक आहोत.

मातोआका परत गेली नाही. १६१७ च्या मार्चमध्ये गलबत थेम्स नदीतून निघाले, ती वाटेतच आजारी पडली आणि ग्रेव्हसेंड येथे तिला उतरविले. २१ मार्चला तेथील सेंट जॉर्जच्या देवळात तिचे दफन झाल्याची नोंद आहे. ते देऊळ १७२७ साली जळाले आणि थडग्याची जागाही हरपली. पुढच्या वर्षी पोव्हाटन वारला. १६२२ साली तिच्या चुलत्याच्या नेतृत्वाखाली तिच्या लोकांनी वसाहतीवर छापे घातले, तीनशेंहून अधिक इंग्रज मारले गेले, आणि १६२४ साली कंपनीची सनदच रद्द झाली. ज्या व्यवहारासाठी चित्र छापले तो सात-आठ वर्षांत बुडाला.

ही हकीकत वाचताना कोल्हापूरच्या माणसाला छत्रपती राजाराम महाराजांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. महाराजही विसाव्या वर्षीच विलायतेस गेले, राणीस भेटले, मेजवान्या आणि कारखाने पाहिले, रोजनिशी ठेविली, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांना कोणी कैद केले नव्हते, धर्म सोडावयास लावले नव्हते, हा फरक लहान नाही. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन हिंदू रीतीने झाले. तेथे १८७४ साली चार्ल्स फुलर या इंग्रज मूर्तिकाराने घडविलेला त्यांचा रंगीत अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यावरची छत्री, ज्याने आमचा नवा राजवाडा बांधला, त्या मेजर मँटच्या आराखड्याची. पुतळा भरघोस आहे, अलंकारांत काही कमी नाही, आणि चेहऱ्यावर एक प्रकारची मुलायम शांती आहे. सायमनच्या चित्रातली ती रोखलेली नजर मात्र तेथे नाही; ज्याने घडविले त्याच्यासमोर महाराज बसलेले नव्हते. शिलेवर नाव, कुळ, गाव सारे नीट कोरलेले आहे. तरीही फ्लॉरेन्सची माणसे त्या जागेला ‘इंदियानो’, म्हणजे नुसता ‘हिंदुस्थानी’, एवढेच म्हणतात, आणि १९७८ साली तेथे नदीवर नवा पूल झाला तेव्हा त्यालाही तेच नाव पडले.